वाचवलेले बारा तास

आज सकाळपर्यंत हे मी कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणापाशी बोललोही नव्हतो, बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणारे लगेच म्हणतील, "अहो, तुमच्यासारखा माणूस असं करेल का?" तेच मला ऐकायचं नाही. माझ्यासारख्याच माणसाने केलं.

मी कोण? कळंबोलीच्या एका गोदामात हिशेब लिहिणारा. घरात गॅसची टाकी लावली की तारीख कॅलेंडरवर टिपतो. मुलं हसतात, हसू देत. याच सवयीमुळे पनवेलबाहेरच्या आमच्या लहानशा रायफल क्लबाने शस्त्रांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. पाच रायफली, सगळ्या पॉइंट टू-टू बोअरच्या. प्रत्येकीची वही वेगळी — किती गोळ्या झाडल्या, कधी साफ केली, कुणी केली. त्या वह्यांत खाडाखोड सापडणार नाही. हे मी आजही ताठ मानेने सांगतो.

कपाटावर पाटी माझ्याच अक्षरात आहे: 'नळी मागूनच साफ करावी. तोंडाकडून सळई घालू नये.' कारण साधं आहे. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श होतो तो नळीच्या तोंडाच्या कडेला. तिथे सळई घासत राहिली की कड झिजते, आणि गोळी निघतानाच तिरकी होते. एकदा एक निवृत्त सुभेदार तोंडाकडून सळई घालताना मला दिसले. "चाळीस वर्षं बंदूक धरलीय मी," ते म्हणाले. मी चारचौघांत उत्तर दिलं, "मग चाळीस वर्षं चुकीची पुसलीत." ते पुन्हा क्लबात आले नाहीत.

आता ऐका. तीन नंबरची रायफल मी स्वतः तोंडाकडून पुसत होतो.

का? मागून सळई घालायची तर दस्त्यावरची, नेम धरताना गाल टेकवायची पट्टी काढावी लागे, आणि नंतर पुन्हा मापात बसवावी लागे. नऊ मिनिटं. तोंडाकडून तीन. आठवड्यातून दोनदा, चौदा महिने — साधारण एकशेवीस वेळा. म्हणजे मी बारा तास वाचवले. त्या बारा तासांत काय केलं म्हणता? काही नाही. रिक्षा लवकर मिळाली, जेवण गरम मिळालं.

वहीत मात्र दर वेळी लिहिलं — 'मागून साफ केली.' खाडाखोड नाही.

तीन नंबर नफिसा वापरायची. पनवेलच्याच शाळेत विज्ञान शिकवायची, तिशी ओलांडलेली, नवरा आखातात. शाळेआधी रेंजवर यायची, पालथी झोपून पन्नास मीटरवर साठ गोळ्या मारायची आणि तशीच धावत वर्गावर जायची. सहाशेपैकी पाचशे शहाऐंशी, सत्त्याऐंशी — असा तिचा हात. राज्याच्या निवड चाचणीत ती संघात जाणार हे क्लबात सगळे धरून चालले होते. आणि मग आकडे घसरले. पाचशे ऐंशी. सत्त्याहत्तर. चौऱ्याहत्तर.

"काका, खरं सांगा, माझं काय चुकतंय?"

मी त्या रविवारी सकाळी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि दहा गोळ्या मारल्या. आदल्या वर्षी याच रायफलीच्या दहा गोळ्या पंधरा मिलिमीटरच्या वर्तुळात बसल्या होत्या. आता चौतीस. भिंग घेऊन नळीचं तोंड पाहिलं. खालच्या कडेला चकचकीत ओरखडा — सळईचाच. चाचणीला नऊ दिवस होते. पुण्याचा कारागीर नळीचं तोंड चार दिवसांत नवं करून देत असे. वेळ होता! हे लक्षात ठेवा — वेळ होता. फक्त वहीत कारण लिहावं लागलं असतं. पाटीखाली उभं राहून सांगावं लागलं असतं.

मी तिला म्हणालो, "तुझं बोट. ट्रिगर दाबत नाहीस, ओढतेस."

ती हसली. "या अल्लाह! वर्गात पोरांना रोज दाब शिकवते आणि मलाच जमेना?"

मग तिने काय केलं असेल? आत रिकामं काडतूस घालून, नळीवर दुसरं उभं ठेवून ट्रिगर दाबायचा सराव. रोज दोनशे वेळा. हात हलला तर वरचं काडतूस पडतं. मी शेजारी बसून मोजत होतो. नऊ दिवसांत ते एकदाही पडलं नाही. एकदाही! आणि मी म्हणत राहिलो, "अजून थोडं हलकं दाब."

चाचणीत तिला पाचशे पंच्याहत्तर मिळाले. परत आली, जाकीट घडी करून टेबलावर ठेवलं. "काका, माझ्यात नाहीये ते. तुम्ही खूप मेहनत घेतलीत." त्यानंतर तिने रायफल धरली नाही.

दोन महिन्यांनी मी नळी पुण्याला पाठवली. वहीत लिहिलं, 'नेहमीची देखभाल.' कारागिराने खराब तोंड कापून काढलं आणि ती चकती, माझ्या बोटाच्या नखाएवढी, कागदात गुंडाळून परत दिली. पुढच्या वर्षी त्याच रायफलीने दुसरी एक मुलगी संघात गेली. नफिसा पेढे घेऊन आली. "बघा काका, मी म्हणत नव्हते? तुमच्या रायफलीला काही झालेलंच नव्हतं."

मी पेढा खाल्ला. तिने आग्रह केला, दुसराही खाल्ला.

दबाव होता, वय होतं, असलं काही मी सांगणार नाही. कसलाही दबाव नव्हता. मला कुणी विचारलंही नव्हतं. चुकलेला दिसायचं नव्हतं, एवढंच. आणि तेवढ्यासाठी मी एका चांगल्या हाताला वाईट ठरवलं.

आज सकाळी क्लबात गेलो. तीन नंबरच्या वहीत 'नेहमीची देखभाल' या जुन्या नोंदीखाली लाल शाईने लिहिलं: 'नळीचं तोंड मी खराब केलं. चौदा महिन्यांच्या साफसफाईच्या नोंदी खोट्या आहेत. नेमबाजाचा दोष नव्हता.' सही केली. पाटी काढली, किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्या पानाची झेरॉक्स आणि ती चकती नफिसाच्या खारघरच्या पत्त्यावर पाठवली.

सोबत चिठ्ठी नाही. माफ कर म्हटलं तर ती करेल — तिचा स्वभाव मला माहीत आहे. म्हणूनच लिहिली नाही.