दादांना स्टेक खाऊ घालताना

मुलाला इथे आखातात, अहमदीत नोकरी लागली आणि त्याने हट्टच धरला: रत्नागिरीहून आलेल्या दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सालमियातल्या हॉटेलात नेऊन स्टेक खाऊ घालायचा. मी म्हटलं, "अरे, त्यांना कवळी आहे!" तर म्हणतो, "मम्मी, रिलॅक्स. टेंडरलॉइन इज व्हेरी सॉफ्ट."

झालं! मेनूत टेंडरलॉइनच नाही. आमचे चिरंजीव अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलेले, आणि मांस ऑस्ट्रेलियाचं, नावंही तिकडचीच. त्याच मऊ तुकड्याला तिकडे आय फिलेट म्हणतात, हे नंतर कळलं. वेटरला विचारायचं सोडून पोराने अंदाजाने रम्प, म्हणजे पुठ्ठ्याचा चिवट भाग, मागवला. रत्नागिरीत बरं, खाटकाला नुसतं सांगायचं, "बड्याचं दे, दालच्यासाठी." कुठला भाग द्यायचा ते तो बघेल. इथे बैलाची अख्खी कुंडली मांडा!

वर वेटर विचारतो, कितपत शिजवू? पोरगा ऐटीत म्हणाला, "मीडियम." आलं ते आतून लाल. दादांनी हात मागे घेतला. "बाळा, याला रक्त आहे रे." पोरगा वेटरशी भांडतोय, मीडियम एवढं लाल नसतं म्हणून. वेटर म्हणे, आमच्याकडे असंच असतं. घ्या, म्हणजे शिजणंसुद्धा देशागणिक वेगळं! आमच्या घरी मांस शिजलेलं असतं नाहीतर कच्चं, मधलं काही नसतं. शेवटी वेल डन सांगून परत पाठवला, तर चपलेचा तळवा होऊन आला.

मुलाने बारीक तुकडे करून दिले आणि तोंडाकडे बघत बसला. दादा चावतायत, चावतायत, अधूनमधून टिश्यूने तोंड पुसतायत. "झक्कास!" म्हणाले. माझं डोकं नुसतं तापलं होतं, पण पोराचा चेहरा असा फुलला की मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दादांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात टिश्यूची पुडी. आत चावून चावून पांढरे पडलेले तुकडे, सगळेच्या सगळे. लपवणार तोच मुलगा मागे उभा.

संध्याकाळी दादांना घेऊन खाली फहाहीलच्या बाजारात गेला आणि मांसाची पिशवी आणून ओट्यावर ठेवली.

"कुठला भाग आणलास?"

"नाव माहीत नाही. दादांनी बोट दाखवलं."

मेल्या, कालच विचारायचं होतंस ना त्यांना! कुकरला भरपूर शिट्ट्या काढल्या, डाळ घालून दालचा केला. दादांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पोरगा मात्र स्वतःचं ताट सोडून त्यांच्या गळ्याकडे बघत होता, घास खाली उतरतोय की नाही.