मुलीचा मामा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आमच्या घरात हे वाक्य ऐकून लोक हसतील — नानांची न सांगितलेली गोष्ट? बारसं असो की दहावा, जेवणं उरकली की सतरंजीवर माझ्याभोवती माणसं जमतात. बायको म्हणते, ‘ह्यांना जांभई आली तरी तिची गोष्ट होते.’ मग ही एकच का राहिली? सांगतो. जरा आडवळणाने सांगेन, तेवढं सांभाळून घ्या.

माझी पुतणी केतकी, वय सव्वीस. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून मुलींना कामाच्या नावाखाली नेतात आणि विकतात. अशा मुलींना शोधून परत आणणाऱ्या संस्थेत ती काम करते. म्हणजे काय करते? एसटीने पाड्यावर जाते, आयांशी बोलते, हरवलेल्या मुलीचा फोटो घेऊन पोलीस ठाण्याच्या बाकावर चार-चार तास बसते. लहानपणी हिला पाच मिनिटं एका जागी बसवायचं तर साखर-पोळीची लाच द्यावी लागे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या मुलाचं, प्रवीणचं, लग्न झालं. निफाडकडे द्राक्षबाग, दुमजली घर, वय सदतीस — आणि मुलगी मिळेना. मग एकदम मिळाली. त्र्यंबकच्या रस्त्यावरचा छोटासा हॉल. आमची चाळीस माणसं आणि मुलीकडून एक बाई. ‘मी तिची मावशी,’ म्हणाली. आई-बाप? ‘आजारी हायेत.’ पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. ही बाई प्रवीणच्या बागेत छाटणीला मजूर आणून द्यायची. मी तिला तिथेच पाहिलं होतं.

अक्षता वाटून झाल्या आणि गुरुजी ओरडले, “मुलीचा मामा कुठंय? मामाशिवाय मुलीच्या मागे उभं कोण राहणार?”

मावशी इकडेतिकडे बघायला लागली. चुलतभाऊ म्हणाला, “आपले नाना आहेत की! नाना, व्हा मामा! नाहीतरी नुसते पंख्याखाली बसलाय.”

हशा झाला. माझ्या डोक्यावर टोपी आली, खांद्यावर टॉवेल आला. चारचौघांत उभं राहायला मला दोनदा सांगावं लागत नाही. मी उभा राहिलो.

केतकी त्या दिवशी कुठल्याशा पाड्यावर होती. सहा महिन्यांनी, त्या मुलीच्या आईने दिलेला फोटो घेऊन शोध घेता-घेता ती आमच्याच नातेवाइकांच्या दारात जाऊन पोचली. मुलगी परत आली, तिने जबाब दिला — द्राक्षाच्या पॅकिंगचं काम म्हणून आणलं आणि बोहल्यावर चढवलं, बाईने पैसे घेतले. ‘मला लग्न नको होतं, मागं उभ्या असलेल्या मामाला मी सांगितलंसुद्धा.’ प्रवीणकडचे म्हणाले, असा कुणी मामा नव्हताच. पोरीला कुणीतरी पढवलंय. लग्नाचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमधून पुसले गेले. माझ्याही.

एका रविवारी सकाळी केतकी घरी आली. मी मिसळ खात होतो.

“नानाकाका, मामा म्हणून कोण उभं होतं? एक माणूस बोलला तरी पुरे आहे हो.”

आणि मी म्हणालो, “अगं, मी पोचलो तेव्हा पंगत बसली होती. मी काय मंगलाष्टकं ऐकायला लग्नाला जातो? मठ्ठा संपेल म्हणून थेट —”

ती हसली. “तुम्ही पण ना, काका!” माझ्या ताटलीतली चिमूटभर शेव तोंडात टाकली आणि गेली. माझ्या पोटाचे विनोद मी तीस वर्षं करत आलोय. त्या दिवशी ते असे उपयोगी पडले. तिने मला पुन्हा विचारलं नाही — मला वगळून बाकीच्या एकोणचाळीस जणांना मात्र विचारत राहिली.

असं का केलं? कारणं होती. ती इथे लिहीत नाही. लिहिली की ती शहाणी वाटायला लागतात.

बाई जामिनावर सुटली. पुन्हा पाड्यावर दिसते म्हणे. खटला उभा राहील तेव्हा मुलीच्या शब्दावर उभा राहील, आणि तिच्याच पाड्यावर तिला खोटारडी म्हणतात — ‘हिचा मामा कुठाय, दाखव की.’ विहिरीवर बायका विचारतात. ती पाणी आणायला जायची बंद झाली आहे. हे मला केतकीनेच सांगितलं, भाजी निवडता-निवडता. मी हूं म्हणालो.

हे सगळ्यांच्या आधी केतकी वाचेल. खाली माझं पूर्ण नाव आणि सही आहे. तिला ते जिथे द्यायचं तिथे तिने द्यावं.

तर — पहिलं मंगलाष्टक सुरू होतं. माइक कर्कश होता, तरी मला नीट ऐकू आलं. “मामा, मला घरी जायाचंय.” मी म्हटलं, सगळ्याच मुली रडतात. ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी मागे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघावी तशी. मी दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं — हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही असं — आणि अंतरपाटाकडे फिरवलं. “पुढं बघ,” म्हणालो.

डोकं फिरवल्याचं तिने जबाबात सांगितलेलं नाही. ते मी सांगतो आहे.