हात पाठीमागे ठेवणारा आचारी

अकोल्याला मावशीच्या लग्नात तो आचारी मला एकदाच भेटला. चुलीपासून चार हात लांब, हात पाठीमागे बांधून उभा, आणि नुसत्या वासावर बायकांना ओरडत होता, "फोडणी करपून राहिली, बाई!"

मला तो शिष्ट वाटला. "तुम्ही का हात लावत नाही?" मी खोचकपणे विचारलं.

"मुदतीचा ताप, तो टायफाइड, गेला, पण त्याचे जंतू माह्या पोटात राहिले, म्हणते सिविल सर्जनसाहेब. मले काईच होत नाई. माह्या हातचं खाल्लं का लोकायले होते. दोन लग्नांतले लोकं अंथरुणावर पडले, तवा पटलं."

सासरी निघताना मावशी त्याच्या पाया पडली. सवयीनं त्याचा हात तिच्या डोक्याकडे गेला, मध्येच थांबला आणि पुन्हा पाठीमागे गेला.

"सुखी राय, माय," तो लांबूनच म्हणाला.