भाऊजींच्या अठ्ठावीस फ्लॉप्या

यांना पेज भरवत होते, तेव्हा भाऊजींच्या दुकानाचे शेठ दारात येऊन उभे राहिले. "बेसो बेन," एवढंच म्हणाले... मी बसले नाही. उरलेली पेज यांना भरवली, तोंड पुसलं, मग विचारलं, "कुठं नेलंय?" काम करता करता छातीत कळ आली म्हणे, दवाखान्यात पोचेपर्यंत भाऊजी गेले. त्याला आता दीड महिना झाला. मी दुसरी शिकलेली, बोलते तसं भाची लिहून घेतेय.

लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेजवळ उधन्याला आले तेव्हा भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सात वर्षांचे. माझ्या हातचं खाऊन मोठे झाले. पुढं यांना लकवा झाला, मिल सुटली. एका खोलीत आम्ही तिघं, कमावणारे भाऊजी एकटे. लग्नाचं नाव काढू द्यायचे नाहीत. कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. पुण्याच्या त्यांच्या दोस्तानं नवीन ऑपरेटिंग सिस्टीम बनवली होती. मी विचारलं ते काय असतं, तर म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटर उठतो, ऐकतो, ते तिच्या जिवावर." दसऱ्याला सुरतेतल्या दहा ऑफिसांत ती चालू करून दाखव, मग पुण्याची नोकरी पक्की, असं दोस्ताचं म्हणणं. आमचं काय, ते भाऊजींनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

कशावर भरून द्यायची, ते मात्र दोस्तानं भाऊजींवर सोडलं. सीडीवर सगळं एकात मावायचं, पण मुंबईहून हजार एकदम काढाव्या लागायच्या, आणि मार्केटातल्या कॉम्प्युटरांना सीडीची खाचच नाही. फ्लॉपी सगळीकडे चालायची, पण एका सेटला अठ्ठावीस लागायच्या, त्यातली एक बिघडली की बाकीच्या सत्तावीस फुकट. आठ दिवस नुसते येरझाऱ्या घालायचे, त्या खोलीत चार पावलांवर भिंत. जेवताना म्हणाले, "वहिनी, एका ताटात सगळं वाढलंय, पण खाणाऱ्याला तोंड नाही. नाहीतर अठ्ठावीस वाट्या."

मी म्हटलं, "ज्याला जे गिळता येतं ते द्या ना."

झालं. फ्लॉप्या ठरल्या. महिनाभर मी पण भरल्या. मूळची घाला, काढा, कोरी घाला, आकड्याची चिठ्ठी बघून चिकटवा. पाय पसरायला जागा उरली नाही.

दसऱ्याला सकाळी भाऊजी झेंडूची फुलं आणायला गेले. मी पूजेला बसले. सासरे कापडाच्या लूमवर कामाला होते. त्यांची शिकवण अशी, की हत्याराला कुंकू वरवर लावायचं नाही, जिथं काम होतं तिथं लावायचं. मी प्रत्येक फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवलं, आतल्या काळ्या चकतीला हळद-कुंकवाचं बोट लावलं. सगळ्या दहा सेटांना. मूळच्यांना आधी.

भाऊजी आले, बघतच राहिले. "वहिनी... हाई काय करं?"

"पूजा केली."

"आतून?"

"तुमच्या बाबांनीच शिकवलंय."

खाली बसले, आणि हसायलाच लागले. "सगळ्या बाद, वहिनी. सवाष्णीचं कुंकू लागलं. आता कुठं जात नाहीत या घर सोडून." पलंगावरून हे विचारतात, काय झालं, काय झालं... माझ्या मनात वाकडं काही नव्हतं, देवाशप्पथ.

मग भाऊजी दोस्ताला फोन करायला एसटीडी बूथवर गेले, मी बाहेर उभी. काचेतून ऐकू येत होतं. "माझीच चूक. घरात ओल होती. फ्लॉपी नकोच, तू सीडी काढ. माणूसही दुसरा बघ." दुसरा मिळाला, ज्याच्याकडं सीडीवाले कॉम्प्युटर होते.

परत येताना विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं?"

मग म्हणाले, "घेतलं असतं तर तो हसला असता, म्हणाला असता पुन्हा भर. मग मला पुन्हा जायची तयारी करावी लागली असती."

पुण्याचं नाव नंतर आमच्यात निघालं नाही.

यांना पाठीला जखमा होतात, म्हणून दिवसातून सहादा कूस बदलावी लागते. मी खांद्याकडं, भाऊजी कमरेकडं. भाऊजी "हं" म्हणायचे, की दोघांनी एकदम वळवायचं. परवापर्यंत मी खांद्याखाली हात घालून थांबायचे... कोणी म्हणेना. आता हं मीच म्हणते, आणि मग कमरेकडं जाते.