थेल्माच्या म्हाताऱ्या माश्या

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचा मला फार राग आहे. रेग हा माझ्या बायकोचा पहिला नवरा. तो गेला तेव्हा थेल्मा एकोणचाळीसची होती, आणि दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. आता तेहतीस वर्षं होतील, म्हणजे तिने त्याच्यापेक्षा दुप्पट संसार माझ्याबरोबर केला. तरी फाटकाजवळचं झाड 'रेगने लावलेलं', शेड 'रेगची', मधाच्या पेट्या मांडायची रीतही रेगचीच. मी या घराला एक पाण्याची टाकी दिली. ती गळते.

थेल्मा राणीमाश्या तयार करायची. आमच्या अख्ख्या कांगारू बेटावर तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. एका दिवसाची अळी, टाचणीच्या टोकाएवढी, बारीक आकड्याने पोळ्यातून उचलायची आणि मेणाच्या वाटीत अलगद ठेवायची. वाट्यांची पट्टी पेटीत टांगली की माश्या त्या अळ्यांना खास खाऊ घालून राण्या करतात. समुद्रापलीकडचे मधवाले तिच्या राण्यांसाठी वर्षभर थांबायचे. मी हात लावला की निम्म्या अळ्या चिरडायच्या. "राहू दे रे," ती म्हणायची, "रेगलाही सुरुवातीला जमत नव्हतं." 'सुरुवातीला' हा शब्द मला वर्षानुवर्षं टोचला.

तीन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. एकदा गाडी समुद्रकाठी ठेवून चालत घरी आली. मी किल्ल्या काढून घेतल्या, मग आकडाही काढून घेतला आणि तिला व्हरांड्यात शाल पांघरून बसवलं. एके सकाळी तिने आतून हाक मारली, "रेग, चहा झाला!"

"मी क्लेम आहे, थेल्मा."

"क्लेम? तो शेजारचा? बरा आहे बिचारा. जरा कुरकुर करतो."

त्या दिवसापासून मी माझ्याच घरात शेजारचा झालो.

त्याच वसंतात ब्रिजेट नावाची मुलगी ॲडलेडच्या विद्यापीठातून आमच्याकडे आली. ती मधमाश्यांच्या म्हातारपणाचा अभ्यास करत होती. तरुण माशी घरात बाळं सांभाळते, मग उरलेले दिवस फुलांवर हिंडून झिजते, आणि तिचं डोकं चालेनासं होतं, हे आम्हा मधवाल्यांना पाहून माहीत असतं. ब्रिजेटने भर दुपारी आमची एक पेटी उचलून पार दुसऱ्या कोपऱ्यात नेली. जुन्या जागी दुसरी ठेवली, तिच्यात फक्त राणी आणि अळ्या. फुलांवर गेलेल्या म्हाताऱ्या सवयीने जुन्या जागीच परतल्या. बघतात तर बाळं उपाशी आणि सांभाळणारं कुणी नाही. मग काहीजणी अळ्यांना भरवायला लागल्या, बाकीच्या पुन्हा फुलांवर गेल्या.

दहा दिवसांनी तिने त्या म्हाताऱ्यांची परीक्षा घेतली. एकेकीला इवल्याशा नळीत बसवून लिंबाचा वास द्यायचा आणि लगेच साखरपाणी. मग नुसताच वास द्यायचा. जिला आठवतं ती जीभ बाहेर काढते. फुलांवर जातच राहिलेल्या ढिम्म बसून राहिल्या. अळ्यांना भरवायला लागलेल्यांपैकी मात्र निम्म्याशिम्म्या पोरीसोरींसारख्या जीभ काढू लागल्या. त्या किड्यांचासुद्धा मला हेवा वाटला.

"थेल्मालाही असं काही काम दिलं तर?" मी विचारलं.

"माणूस म्हणजे माशी नव्हे, क्लेम," ब्रिजेट म्हणाली. "आणि माश्याही सगळ्या सुधारल्या नाहीत."

ती बोटीने परत गेली आणि मी दुसऱ्याच दिवशी थेल्माच्या हातात आकडा दिला. तिच्या भल्यासाठी दिला असं लोकांना सांगतो, पण ते खोटं आहे. मला तिच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं.

पहिल्या दिवशी तिने सगळ्या अळ्या चिरडल्या. तिसऱ्या दिवशी बोटं आपोआप चालायला लागली. दुसऱ्या आठवड्यात ती वार बरोबर सांगू लागली, कोकराच्या रश्शात मीठ एकदाच घालू लागली. मी हरखलो. पण परत आलं काय, तर रेग! रेगची शीळ, रेगचे बूट, पार्न्डाना गावच्या हॉलमध्ये रेग कसा नाचला होता. मान मोडून पेट्या मी उचलत होतो आणि मजा तो मेलेला मारत होता. मला इतकी चीड आली की एकदा त्याच्या झाडाला लाथ घातली. तीन दिवस लंगडलो.

मग राणीघरं, म्हणजे राण्या आत वाढलेल्या त्या मेणाच्या वाट्या, वेगळी करायचा दिवस आला. ते काम त्याच दिवशी करावं लागतं, कारण उशीर झाला तर पहिली बाहेर पडणारी राणी बाकीच्यांना कोषातच मारते. मी ट्रे धरून उभा होतो. थेल्मा एकेक राणीघर कापून त्यात ठेवत होती.

"ह्या राण्या कुणासाठी थांबत नाहीत," ती म्हणाली. "रेगला पुरलं त्या दिवशीही हेच काम निघालं होतं. दफनभूमीतून तशीच आले. काळे कपडे, हातमोजे... आणि ट्रे धरायला कुणी नव्हतं म्हणून तू कुंपण ओलांडून आलास."

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे नीट, पूर्ण पाहिलं.

"क्लेम," ती म्हणाली, "म्हणजे रेग गेला ना रे?"

त्या चहाच्या सकाळपासून या एका शब्दासाठी मी झुरत होतो. मिळाला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत ट्रे होता.

"गेला, थेल्मा. फार वर्षं झाली."

तिच्यासाठी ते त्याच घटकेला घडलं होतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली, दुपारभर रडली, मध्येमध्ये मला नावाने हाक मारत. "क्लेम, जाताना त्याला काही दुखलं का? क्लेम, मी जवळ होते का?" मी सगळ्याची उत्तरं दिली. उरलेली राणीघरं मीच कापली आणि त्यातली सहा फोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात बूट घालत होतो. आतून कपबश्यांचा आवाज आला, आणि तिचा आवाज, अगदी खुशीतला.

"रेग, चहा झाला!"

मी 'क्लेम' म्हटलं असतं तर तिला आठवलं असतं, याची मला खात्री होती. कालच्यासारखंच, सगळं आठवलं असतं.

"आलो," मी म्हणालो.

तिने कपात तीन चमचे साखर घातली होती, रेगला लागायची तशी. मी साखर घेत नाही. ती समोर बसून बघत होती, म्हणून सगळा प्यालो.