माणसं पुरवणारी कंपनी पाहायला

सोलापूरहून सकाळची एसटी धरली तेव्हा काम साधं वाटत होतं. आमच्या दैनिकाच्या अर्थविषयक पानाला माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांवर लेख हवा होता. या कंपन्या जगभर पसरल्या आहेत, त्यांचे शेअर बाजारात असतात, पण त्यांचा माल गोदामात ठेवता येत नाही. एक कंपनी माणूस शोधते, त्याला आपल्या पगारावर घेते आणि दुसऱ्या कंपनीत कामाला पाठवते. हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहायला मी पुण्याला निघालो.

कंपनीचं ऑफिस येरवड्यात होतं. स्वागतकक्षातल्या टीव्हीवर परदेशातल्या मुख्य कंपनीच्या शेअरचा भाव दिसत होता. शनिवार असल्यानं आकडा हलत नव्हता. आतल्या हॉलमध्ये मात्र फोन थांबत नव्हते. मला काम दाखवायची जबाबदारी शाहीन शेख यांच्यावर होती. तिशीच्या बाई, वडिलांचं बुधवार पेठेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान.

"आपण सोलापूरचे ना? बसा. रिकामी खुर्ची दिसली तर."

दिसली नाही. "रिकामी राहू देत नाही, तेच तर आमचं काम," त्या म्हणाल्या आणि पुन्हा एक नंबर लावला. फोन बंद होता.

हा नंबर अक्षयचा होता, लोणी काळभोरच्या एका मुलाचा. सोमवारी सकाळी त्यानं खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू व्हायचं होतं. नोकरी स्वीकारून ऐनवेळी न येणाऱ्याला इथं 'ड्रॉप' म्हणतात. तसं होऊ नये म्हणून रुजू होईपर्यंत माणसाला रोज फोन करायचा, घरातले काय म्हणतात ते विचारायचं, आवाजावरून मन ओळखायचं, अशी पद्धत आहे. अक्षयचा फोन दोन दिवस लागत नव्हता. शाहीनबाईंचे दोन जण त्या महिन्यात आधीच ड्रॉप झाले होते. त्या स्वतःही करारावरच होत्या आणि महिनाअखेरीला त्यांची मुदत संपत होती.

"तिसरा झाला तर?" मी विचारलं.

"तर आपल्याला बसायला माझी खुर्ची मिळेल."

संध्याकाळी त्यांनी अक्षयच्या वडिलांचा नंबर शोधून काढला. पलीकडून उत्साहानं उत्तर आलं, "उद्याच या की, मॅडम. सकाळीच या."

रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. हडपसर संपल्यावर कंटेनरच्या रांगा, रोपवाटिका, कॉलेजांचे फलक आणि मधूनच ऊस असा रस्ता आहे. मांजरीच्या पुढं टायर पंक्चर झाला. पंक्चरवाला येईपर्यंत शाहीनबाई फोन हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो लावला मात्र नाही.

लोणीत घरासमोर जीप उभी होती आणि दारात चपलांचा ढीग होता. शाहीनबाई थबकल्या. "कुणी गेलं-बिलं नाही ना?"

तेवढ्यात अक्षयचे वडील बाहेर आले. "या मॅडम, या! तुमचीच वाट बघत हुतो."

आत सतरंजीवर उरुळीचे पाहुणे बसले होते. ते घर बघायला (मुलगी देण्याआधी मुलाचं घरदार पाहण्याचा रिवाज) आले होते. वडिलांनी शाहीनबाईंना नेमकी हीच वेळ का दिली, ते आता कळलं. "ह्या कंपनीच्या मॅडम. जातीनं आल्यात," त्यांनी सांगितलं. पोहे आले, शिरा आला. अक्षय स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बघत उभा होता.

मुलीचे काका शाहीनबाईंकडे वळले. "मॅडम, आता तुमीच सांगा. पोरगा परमनंट हाय न्हवं?"

एका होकारात लग्न जमलं असतं आणि सोमवारचं रुजू होणंही. शाहीनबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"काका, काम खराडीच्या कंपनीत. पगार आमची कंपनी देणार. करार वर्षाचा. काम चांगलं झालं तर वाढतो. वाढेलच, असं मी सांगू शकत नाही."

"तसं न्हवं, पाव्हणं..." वडील मध्ये पडले.

"म्हंजी ठेकेदाराचा मानूस," काका म्हणाले.

"हो. मीही तशीच."

शिरा तसाच राहिला. पाहुणे उठले.

अंगणात अक्षय मागोमाग आला. "मॅडम, नुसतं हो म्हणला असता तर काय बिघडलं असतं?"

"वर्षानं काका माझ्या दारात उभे राहिले असते. फोन का बंद होता?"

"तुमी रोज विचारता, येणार ना? घरात विचारतात, परमनंट ना? मी कुणाला काय सांगू?"

सोमवारी येणार का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

सोमवारी खराडीत गेटसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेत उभे होतो. शाहीनबाईंच्या गळ्यात पुरवठादार कंपनीचं ओळखपत्र होतं, त्यावर आत सोडत नाहीत. माणसं येत होती, आत जात होती. दुसरा चहा निवला. मग पाहुण्यांची कालची जीप येऊन थांबली. आधी काका उतरले, मागून अक्षय.

काका सरळ गेटवरच्या वयस्क रखवालदाराकडे गेले. "काय वो, हितं परमनंट कोन हाय?"

"मी एजन्सीचा. कॅन्टीनवाले एजन्सीचे. ड्रायव्हर एजन्सीचे."

"मग परमनंट हाय तरी काय?"

"ही बिल्डिंग," रखवालदार म्हणाला. "तीही भाड्यानं घेतलीय."

काकांनी मान वर करून काचेची इमारत शेवटच्या मजल्यापर्यंत पाहिली. मग अक्षयला म्हणाले, "जा आत." तो गेला. काका रस्ता ओलांडून आमच्याकडे आले.

"मॅडम, नंबर द्या. त्याचा करार वाढला की मला सांगायचं. तारीख त्याच्यानंतर धरू."

"सांगेन."

"आन् तवा तुमीच नसला तर?"

"जी असेल तिला विचारा. नंबर कंपनीचा आहे, तो कायम आहे."

दुपारच्या एसटीनं परत निघालो. गाडी लोणी काळभोरवरूनच जाते. खिडकीतून ऊस दिसला, मागे पडला. सोलापूरला आमच्या ऑफिसात पोचल्यावर लेख दिला; शेअरचा त्या दिवशीचा भाव चौकटीत टाकला. तो किंचित वर गेला होता. या कंपन्यांचा माल कुठं असतो, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं, पण ते चौकटीत बसणारं नव्हतं. तो माल म्हणजे अक्षयचा करार, आणि तो उरुळीच्या एका घरात लग्नाची तारीख अडवून बसला होता.

महिनाअखेरीला राहवेना म्हणून कंपनीच्या त्या नंबरवर फोन केला. दोन वेळा लाइन व्यस्त लागली. तिसऱ्यांदा शाहीनबाईंनीच उचलला.

"आहे अजून. तीन महिने वाढवून दिलेत. अक्षयही टिकलाय. आणखी काही? नाही ना? मग लाइन अडवू नका."

अक्षयचा करार वर्षाचा. तो वाढला की ज्या कळवणार होत्या, त्या शाहीनबाईंचा तीन महिन्यांचा. काकांना हे कुणी सांगितलं का, ते विचारायचं राहून गेलं.