न मागता मिळालेलं दूध

त्या उन्हाळ्यात देवानं आपल्याकडे पाठ फिरवली, असंच मला वाटत होतं. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. माझे यजमान आंजीच्या शाळेत शिक्षक होते आणि गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. लेकीच्या जन्मानंतर मला मुदतीचा ताप आला आणि दूध आटलं. गाईचं, शेळीचं, कुठलंच दूध बाळाच्या पोटात ठरेना. रडून रडून तिचा आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक झाला होता.

मी लहानपणापासून नेमानं प्रार्थना करणारी. पण तापात शब्दच हाती लागत नव्हते. छताची कौलं पाण्यावर तरंगल्यासारखी हलत; फटींतून आलेले कवडसे भिंतीवर माशांसारखे पोहत. प्रार्थना अर्ध्यावरच विरून जाई आणि मी कुठल्याशा पांढऱ्या, निःशब्द जागी वाहत राही. जिला धड हाकही मारता येत नाही, तिचं प्रभूनं का ऐकावं?

अशाच एका दुपारी दारात सावली पडली. डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई उभी होती. आधी मला तीही तापातलीच वाटली.

“बाई, पोरगी काऊन रडून राह्यली?”

“मला दूध नाही,” मी कशीबशी बोलले.

ती थबकली. तिच्या चोळीवर ओल पसरत होती. नंतर कळलं, ती गिरजा. हिंगणीहून माहेरी आलेली. तिचं तान्हं बाळ नुकतंच गेलं होतं.

“मी घेऊ का तिले?”

“आम्ही ख्रिस्ती आहोत, बाई. तुझ्या घरचे काय म्हणतील?”

“तिले भूक लागली ना?” एवढंच म्हणून ती भिंतीला टेकून बसली आणि तिनं लेकीला पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. त्या शांततेत घोट गिळल्याचा आवाज येत राहिला. गिरजा डोळे मिटून डुलत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

माझा ताप उतरेपर्यंत ती रोज आली. हळूहळू बाळाला वरचं दूधही पचू लागलं. सासरी परतण्याआधी ती भेटायला आली, तेव्हा मी म्हटलं, “गिरजा, आम्ही तुझ्यासाठी काहीच केलं नव्हतं गं.”

“अन् पोरीनं काय केलतं? उपाशी होती, तेवढंच.” लेकीच्या कपाळावरून बोट फिरवून ती निघून गेली.

कृपा हा शब्द मी उपासनेत कितीदा ऐकला होता. माझ्या नेमधर्माचं ते फळ असेल, असं मी धरून चालले होते. पण ती आली तेव्हा माझ्यापाशी प्रार्थनाही उरली नव्हती. माझ्या घरात जीव परतला, तेव्हा गिरजेची ओटी रिकामी का राहिली, हे मला आजही उमगलेलं नाही. मी प्रभूपुढे बसते तेव्हा आधी गिरजेचं नाव घेते. मग स्वतःसाठी काहीच न मागता, तो देईल ते घेण्यासाठी नुसती बसून राहते.